बॅरलच्या तळाचं पेट्रोल

मी एक जुना बॅरल आहे. दोनशे लिटरचा, जाड पत्र्याचा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही वर, डोंगरात एक वाडी आहे. तिला सगळे नुसतं वरची वाडी म्हणतात. तिथे भिमाजीच्या अंगणाच्या कडेला मी उभा असतो. माझं वरचं झाकण छिन्नीने कापून टाकलं आहे आणि पोटात गोवऱ्या भरल्या आहेत. त्या गोवऱ्यांवर एक कोंबडी रोज अंडं घालते आणि मग साऱ्या वाडीला ओरडून सांगते. मला तिचा कंटाळा आला आहे. खरं सांगायचं तर, मित्रांनो, मला आता बहुतेक गोष्टींचा कंटाळा आला आहे. ऊन आलं की तापायचं, पाऊस आला की गंजायचं, एवढंच काम उरलं आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती ऐका आणि मग खुशाल खेळायला जा.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा यंत्रात घालून गोल वळवला, जोड वितळवून बंद केला, वरखाली झाकणं दाबून बसवली. वरच्या झाकणाला दोन तोंडं ठेवली. एक मोठं, तेल भरायला. एक लहान, हवा जायला. दोन्हींना आट्यांची बुचं. लोळवताना सोपं जावं म्हणून अंगावर दोन कडी पाडली. तेव्हापासून मी आयुष्यभर लोळतोच आहे.

सगळ्यात आधी माझ्यात इंजिनाचं वंगण भरलं. तेल दिसायला शांत असतं, पण अंधारात कोंडलं की फार बोलतं. या वंगणाने मला आपली सगळी कुळकथा ऐकवली. मी विचारलं नव्हतं.

ते म्हणायचं, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव होते. ते मेले की तळाशी साचायचे. वरून चिखल आणि वाळूचे थर बसत गेले. त्या वजनाने आणि पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने त्यांचं तेल झालं. लोकांना वाटतं, जमिनीखाली तेलाची विहीर असते, पोहरा सोडला की भरून येतो. तसं काही नसतं. भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं ते दगडाच्या छिद्रांत मुरलेलं असतं. वर घट्ट दगडाचं छप्पर असतं, म्हणून ते बिचारं कुठे जाऊ शकत नाही.

मग माणसं येतात. मुंबईपासून लांब, भर समुद्रात त्यांनी लोखंडी पायांवर मजले उभे केले आहेत. दगड कापणारं टोक लावून पाइपाला पाइप जोडत ती माणसं खाली खाली जातात. टोक तापू नये आणि दगडाचा चुरा वर यावा म्हणून वरून सारखा पातळ चिखल दाबत राहतात. भोक ढासळू नये म्हणून त्यात पोलादी नळ घालून बाहेरून सिमेंट भरतात. तेलाच्या थराला भोक पडलं की तिथे कोंडलेला दाब तेलाला वर ढकलतो. पुढे दाब दमला की खाली पाणी नाहीतर गॅस सोडून ढकलावं लागतं. म्हणजे त्यालाही सुखाने पडू देत नाहीत.

वर आलेलं तेल काळं, दाट आणि उग्र वासाचं असतं. त्यातला गॅस आणि पाणी वेगळं काढतात. मग समुद्राच्या तळावरच्या नळातून ते किनाऱ्याला येतं. शुद्धीकरण कारखान्यात त्यातलं मीठ धुतात आणि भट्टीत साडेतीनशे अंशांपर्यंत तापवतात. बहुतेक तेलाची वाफ होते. ती एका उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा खाली कढत आणि वर जावं तसा थंड. आत मजल्यांसारखी ताटं असतात. जड वाफ फार चढू शकत नाही, खालच्या ताटांतच तिचं पुन्हा तेल होतं. ते डिझेल. त्याच्या वरच्या ताटांत रॉकेल. पेट्रोलची वाफ हलकी, ती पार माथ्यापर्यंत जाते. गॅस तर तिथेही थांबत नाही. आणि तळाशी जो गाळ उरतो, त्यातून पुढे वंगण आणि डांबर काढतात.

"आम्ही तळाचे," वंगण कुरकुरायचं, "आम्हाला कोण विचारतो? पण आमच्याशिवाय एक चाक फिरून दाखवा म्हणावं."

हे सगळं तुम्हाला परीक्षेत उपयोगी पडेल. मी त्यातलं एकच लक्षात ठेवलं. पेट्रोल आणि रॉकेल एकाच घरातले भाऊ, पण स्वभाव अगदी वेगळे. रॉकेल सोशिक. वात दिली तर गुमान जळेल. पेट्रोल तापट. ते बसल्या जागी वाफ सोडतं आणि ठिणगी दिसली की झेप घेतं. म्हणून तर माणसांनी एवढा खर्च करून, एवढी भट्टी पेटवून त्यांच्या वाटण्या करून दिल्या.

वंगण संपलं, मी भंगारात गेलो, आणि तिथून मला घोडेगावच्या उत्तमचंद शेठजींनी विकत घेतलं. त्यांच्या घराण्याचं मूळ राजस्थानात, पण तीन पिढ्या घोडेगावात गेलेल्या. किराणा आणि रॉकेलचं दुकान. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "ठणठणीत आहे." माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी स्तुती. एवढ्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

काम एकच. टँकर आला की रेशनचं निळं रॉकेल पोटात घ्यायचं, टेम्पोत चढायचं, आणि रामदास ड्रायव्हरबरोबर डोंगरातल्या वाड्यांना जायचं. लोक डबे, बाटल्या घेऊन रांगेत उभे असायचे. मी रिकामा झालो की मला लोळवत परत टेम्पोत. कंबर मोडायची, पण वाईट नव्हतं. डोंगरातल्या संध्याकाळी जेवढ्या चिमण्या, म्हणजे रॉकेलचे वातीचे दिवे, पेटायच्या, त्यातल्या बऱ्याच माझ्या पोटातून गेलेल्या असायच्या.

शेठजींचं घर जैन, धर्माने फार बांधलेलं. मुंगीसुद्धा मरू नये म्हणून जपायचे. त्यांच्या पत्नी सुंदरबाई पाणी गाळून घ्यायच्या आणि घरातलं एकही भांडं उघडं राहू द्यायच्या नाहीत, कारण उघड्या भांड्यात किडे पडून मरतात. शेठजींचा तर दरवर्षीचा नियम होता. पावसाळ्यात रस्त्यावर जीवजंतू फार, म्हणून चातुर्मासाचे चार महिने ते घोडेगावची वेस ओलांडत नसत. लग्न असो, मयत असो. सगळ्या तालुक्याला हे ठाऊक होतं, आणि काही जण त्यावर हसायचेही.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. श्रावण महिना. वाहतूकदारांचा संप होणार अशी बोलवा झाली. शेठजींचा मुलगा पीयूष मला घेऊन कळंबच्या बाजूला हायवेवर गेला आणि पंपावरून माझ्यात पेट्रोल भरून आणलं. घरची जीप, शेजाऱ्यांच्या लुना, सगळ्यांची सोय झाली. मला मात्र ते तापट बिऱ्हाड अजिबात आवडलं नाही. सारखं आतून धडका मारायचं.

संप तीन आठवडे चालला. तो मिटला तेव्हा माझ्या तळाशी तीन बोटं पेट्रोल उरलं होतं. गंज आणि कचरा मिसळलेलं, गाडीत घालायच्या लायकीचं नव्हतं. दुसऱ्या कोणी ते गटारात ओतून मोकळं झालं असतं.

"जमिनीवर ओतायचं नाही," शेठजी पीयूषला म्हणाले. "खाली मुंग्यांची वारुळं आहेत. दोन्ही बुचं काढून ठेवतो. उन्हाने आपोआप उडून जाईल."

त्यांनी बुचं काढली, मला मागच्या अंगणात उन्हात ठेवलं आणि ते दुकानात गेले. पेट्रोल वाफ होऊन निघायलाही लागलं. थोड्या वेळाने सुंदरबाई कपडे वाळत घालायला आल्या. माझं तोंड त्यांना उघडं दिसलं. "अगं बाई, किती किडे पडतील यात," असं पुटपुटत त्यांनी दोन्ही बुचं घट्ट लावली आणि त्या कपडे घेऊन निघून गेल्या.

शेठजींनी जीव वाचावेत म्हणून उघडलं. सुंदरबाईंनी जीव वाचावेत म्हणून लावलं. दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत. पर्युषण पर्वाचे दिवस, घरात उपवास, संध्याकाळची प्रतिक्रमणाची प्रार्थना, पाहुण्यांची ये-जा. कोण कोणाला बुचाचं सांगत बसणार?

दोन दिवसांनी रॉकेलचा टँकर आला. तीन आठवडे तालुका अंधारात होता, दुकानापुढे ही गर्दी. पीयूषने माझ्याकडे बघितलं, बूच लावलेलं दिसलं, आणि त्याला वाटलं, बाबूजींनीच मोकळा करून बंद करून ठेवला असणार. पर्युषणात त्याचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्याने नळी माझ्या तोंडात घातली.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. मनोऱ्यात इतक्या कष्टाने वेगळे केलेले दोघं भाऊ माझ्या पोटात पुन्हा एक होत होते. वरून रंग निळाच. वासही साध्या नाकाला रॉकेलचाच. चिमणीत असं मिश्रण घातलं की ज्योतीखालच्या टाकीत पेट्रोलची वाफ कोंडते, आणि एकदा ज्योत आत शिरली की टाकी फुटते. हे मला कळत होतं आणि मी नुसता गटागटा पीत होतो. बॅरलचा जन्म असाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासने मला वरच्या वाडीला नेलं. भिमाजीच्या अंगणातच वाटप असायचं. माणसं सणासारखी जमली होती. भिमाजीची लेक आरती बाळंतपणाला माहेरी आलेली, पाच दिवसांची बाळंतीण. तिची आई चिमाबाई रांगेत सगळ्यांच्या पुढे होती.

"आज पाचवी हाये, रामदासभाऊ," ती म्हणाली. "सटवाई यायची राती. रॉकेल न्हाई मिळालं असतं तर काय त्वांड दाखवलं असतं तिला?"

पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, अशी तिथली समजूत. त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझू द्यायचा नाही. रामदासने हसत हसत तिचा डबा भरला. मी रिकामा झालो आणि घोडेगावला परत आलो.

दुपारचे चार वाजले असतील. मला मागच्या अंगणात उतरवलं, तोंड उघडंच होतं. सुंदरबाई बाहेर आल्या आणि सवयीने बूच उचलून लावायला लागल्या.

"अहो, हा बॅरल तुम्ही सारखा उघडा कसा ठेवता?" त्या शेठजींना म्हणाल्या. "मागेही मीच लावलं होतं. जीव पडतात आत."

शेठजींचा त्या दिवशी उपवास होता. ओसरीवर बसून ते उकळलेलं पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"मागे म्हणजे कधी?"

"तुमचा संप मिटला ना, त्याच दिवशी."

ते उठले आणि त्यांनी माझ्या तोंडाशी नाक नेलं. आयुष्य रॉकेलात गेलेलं नाक ते. त्यांनी एकदाच वास घेतला. "पीयूष, हा बॅरल कुठे गेला होता?"

"वरच्या वाडीला, बाबूजी."

शेठजींनी आकाशाकडे बघितलं. सूर्य अजून वर होता, पण भाद्रपदातला दिवस. दिवेलागणीला दोन-अडीच तास उरले होते आणि वरच्या वाडीला फोन नव्हता. त्यांनी रामदासला हाक मारली आणि मला पुन्हा टेम्पोत चढवायला सांगितलं.

"पीयूषला पाठवा," सुंदरबाई म्हणाल्या. "तुमचा नियम आहे."

"पीयूषचं कोण ऐकेल? दिलेलं रॉकेल परत मागायचंय," शेठजी म्हणाले. "नियम जिवांसाठीच घेतला होता ना?" आणि ते रामदासशेजारी बसले. वेशीबाहेर पडताना त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढं मी मागून बाजूच्या आरशात बघितलं. सुंदरबाई दारात उभ्या होत्या.

धरणाच्या कडेचा तो रस्ता. खड्डे, चिखल, वळणं. मी मागे इकडून तिकडे आपटत होतो आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता.

"दिवे लावू नका! कोणी दिवा लावू नका!" शेठजी टेम्पो थांबायच्या आधीच उतरले.

चिमाबाई दारातच होती. एका हातात भरलेली चिमणी, दुसऱ्या हातात काडेपेटी. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. आरडाओरडा ऐकून वाडी गोळा झाली. शेठजींनी हात जोडून सगळ्यांना सांगितलं, माझ्या घरून चूक झाली, रॉकेलात पेट्रोल गेलंय, सगळं परत ओता, उद्या दुसरं देतो.

शेजारच्या लंकाबाईने पदर खोचला. "लई दिसांनी मिळालंय शेठ, आन आता परत मागता व्हय? खाली भाव वाढला आसंल! निळंशार तर हाये की!"

"रंग निळाच राहतो, बाई. आत वाफ कोंडते. दिवा फुटेल."

"मी न्हाई द्यायची," चिमाबाई म्हणाली. "तीन हप्तं चुलीच्या उजेडात काढलं आमी. आज पाचवी. आंधारात सटवाई माझ्या नातीच्या कपाळावर काय लिवनार? उद्या ओतते. आज न्हाई." आणि तिने काडी काढली.

मी टेम्पोत उभा होतो. मला ती काडी दिसत होती. पावसाळी हवेने काडीच्या टोकाचं गुल दमट झालं होतं. एकदा ओढली, पेटली नाही.

"थांब," भिमाजी म्हणाला. तो इतका वेळ शेठजींकडे नुसता बघत होता. "शेठ, तुमी चातुर्मासात वेस वलांडत न्हाई."

"नाही."

"आमच्या वाडीतला धर्माजी आसाच पावसाळ्यात ग्येला. तुमचा जिवाभावाचा व्हता. त्याच्या मयताला न्हाई आला."

शेठजींनी मान खाली घातली. "नाही आलो."

"मंग आज?"

"आज आलो," शेठजी म्हणाले.

भिमाजी पुढे झाला आणि त्याने बायकोच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. "आरतीची आय, दी ती चिमनी हिकडं. ह्यो मानूस पैशापायी वेस वलांडनार न्हाई."

लंकाबाईला तरी पटेना. तिने आपल्या डब्यात चिंधी बुडवली, अंगणातल्या दगडावर टाकली आणि लांबून पेटती काडी फेकली. काडी टेकायच्या आधीच चिंधीने भक्कन पेट घेतला, पुरुषभर जाळ उठला. रॉकेल असं पेटत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. एकेक डबा, एकेक बाटली माझ्यात रिकामी झाली. चिमाबाईनेही डबा आणि चिमणी माझ्यात उलटी केली.

मग ती आत गेली. घरच्या खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, थोडं तेल तिने बाळंतिणीच्या जेवणासाठी राखून ठेवलं होतं. ते पणतीत ओतून तिने वात लावली. खोलीत उजेड लहानच पडला, पण पडला. बाहेर येऊन तिने शेठजींपुढे पाण्याचा तांब्या धरला. शेठजींनी हात जोडले. सूर्य मावळल्यावर ते पाणी घेत नसत.

"कोरडंच जानार व्हय?"

"उद्या उजाडल्यावर घेईन, बाई. आज पोहोचलो, पोट भरलं," ते म्हणाले, आणि लांबच्या घरांत कोणी राहिलं नाही ना हे बघायला रामदासबरोबर निघाले.

दुसऱ्या दिवशी वाडीला चांगलं रॉकेल पोहोचलं. माझ्या पोटातलं मिश्रण डेपोत परत गेलं, पुन्हा भट्टीत जायला. मला तिथे वाफेने धुतलं. शेठजींनी नियम मोडल्याचं प्रायश्चित्त घेतलं. सुंदरबाई मात्र बरेच दिवस नीट जेवल्या नाहीत. "मी किडे वाचवायला गेले," असं एकदा त्या माझ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या आणि रडल्या. मला वाईट वाटलं. त्यांचा हात माझ्यावर होता, पण मी थंड पत्रा. काय समजूत घालणार?

या बॅरलमध्ये पुन्हा तेल भरायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. कार्तिकात चातुर्मास संपला तेव्हा मला भिमाजीला देऊन टाकलं. मला घेऊन त्या स्वतः टेम्पोतून वर आल्या. बाळासाठी शिवलेलं दुपटं त्यांनी चिमाबाईच्या हातात दिलं आणि हात जोडले. "बूच मी लावलं होतं. ह्यांना सांगितलं नाही. मला क्षमा करा."

चिमाबाईने आतून नात आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "माफी कसली मागता बाई? त्या राती सटवाईच्या आदी तुमचं शेठ पोचलं, म्हून ही हाये."

पुढे वाडीत वीज आली, गॅसच्या टाक्या आल्या, रॉकेलची रांग संपली. मला कोणी विचारेनासं झालं. त्या नातीची लेक आता शाळेत जाते. उड्या मारत माझ्यातल्या गोवऱ्या काढते आणि मला लाथही मारते. मारू दे.

मित्रांनो, मी दमलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या भांड्यात रॉकेल भरू नका, औषधाच्या बाटलीत पाणी भरू नका, हे तर खरंच. पण त्या घरात वाईट माणूस एकही नव्हता, आणि तरी एक बाळंतीण, एक बाळ आणि एक पेटती काडी यांच्यात फक्त दमट गुल उरलं होतं. तेव्हा एखादं झाकण उघडलंत तर घरात सांगा. लावलंत तर सांगा. मला सगळं कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.